खेकड्यानंतर मोठे काका

आमच्या घरात एक नियम आहे. नंबर आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

हा नियम कुणी केला, कधी केला, कशासाठी केला, हे विचारायचं नाही. कारण विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि त्यासाठी नंबर यावा लागतो. घरात काहीही ठरवायचं असलं, मग ते पडद्यांचा रंग असो नाहीतर कुणाचं ऑपरेशन, सगळे बाहेरच्या खोलीत जमतात आणि वयाच्या क्रमाने बोलतात. पहिले मोठे काका, मग आत्या, मग बाबा, मग आई, आणि शेवटी मी. मोठे काका बोलतात तेव्हा विषय निघतो. आत्या बोलते तेव्हा विषय मिटतो. बाबा बोलतात तेव्हा चहा येतो. आईचा नंबर लागतो तेव्हा ती रिकामे कप गोळा करत असते, त्यामुळे "मला चालेल" एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात जाते. आणि माझा नंबर येतो तेव्हा खोलीत मी आणि पंखा, असे दोघेच उरलेलो असतो. पंखा समजूतदार आहे. माझं म्हणणं त्याने आजवर कधी तोडलेलं नाही.

मी कितीही मोठी झाले तरी माझ्या मागे कुणी नाही, म्हणजे मी जन्मभर शेवटचीच राहणार, हे मी पाचवीत असतानाच कागदावर आकृती काढून सिद्ध केलं होतं. मोठे काका आकृती बघून म्हणाले, "मग तुला घाई कसली?" त्या दिवसापासून घरात माझं नाव 'वकीलसाहेब' पडलं. (वकिलांना निदान फी मिळते.)

मोठे काका वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही दुकानात गेले की आधी काट्याकडे बघतात आणि मग दुकानदाराकडे, आणि दोघांवरही त्यांचा विश्वास बसत नाही. ते वरच्या मजल्यावर राहतात, असं आम्ही लोकांना सांगतो. राहतात ते आमच्या सोफ्यावर. आत्या दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. घाबरलेल्या माणसाला दोन शब्दांत खुर्चीवर बसवायचं आणि गप्प करायचं, हे तिचं कामच असल्यामुळे ती घरीही ते विनामूल्य करते. बाबा टपाल कचेरीत काउंटरवर आहेत. आई घरीच शिलाई मशीनवर लोकांचे कपडे दुरुस्त करून देते. चेन, अस्तर, उसवलेली बाही, काहीही. तिची बोटं इतकी झपझप चालतात की मी लहान असताना मला वाटायचं, तिला ती दहापेक्षा जास्त असावीत.

आणि मी. भाषा विषय घेऊन पदवीधर, आणि (मोठ्या काकांच्या शब्दांत) "त्या खेळण्यात गेलेली केस."

खेळणं म्हणजे व्हिडिओ गेम. त्यातही रोल-प्लेइंग गेम, जिथे तुम्ही एका माणसाची भूमिका घेता, गावोगाव हिंडता, लोकांशी बोलता, त्यांची कामं करता, आणि तुम्ही काय बोललात यावर पुढची गोष्ट ठरते. तुम्ही काय बोललात यावर! आमच्या घरात वाढलेल्या मुलीला याचं व्यसन लागलं नसतं तरच नवल. तिथला लोहारसुद्धा माझ्यासमोर उभा राहून माझ्या उत्तराची वाट बघतो. हलत नाही, डोळे मिटत नाही, कप गोळा करायला जात नाही.

यावर वडीलधाऱ्यांचं मत ठरलेलं आहे. टीव्हीवर दुसरी माणसं खेळताना दिवसभर बसून बघणं म्हणजे विश्रांती, आणि तोच टीव्ही समोर ठेवून आपण स्वतः खेळणं म्हणजे वाया जाणं. आईचा आक्षेप मात्र वेगळा आणि जास्त झोंबणारा होता. ती एकदा मागे उभी राहून बघत होती. मी गेममधल्या कुठल्याशा म्हातारीची हरवलेली शेळी शोधायला तीन डोंगर पालथे घातले, शेळी आणून दिली आणि म्हातारीने मला एक मुळा दिला. आई म्हणाली, "वाळत घातलेले कपडे आणायला सांगितले होते. गच्ची दोन मजले वर आहे. डोंगरसुद्धा नाही." (कपडे मी नंतर आणले. ओलेच होते.)

गेमच्या जगात सगळं छान आहे असंही मी म्हणत नाही. ऑनलाइन गेले की तिथल्या पोरांचा पहिला प्रश्न, "खरंच मुलगी आहेस का?" आणि दुसरा हुकूम, "मग मागे राहून मलमपट्टी कर." म्हणजे तिथेही मोठे काका आहेतच. फक्त त्यांना अजून मिशा फुटलेल्या नाहीत.

तर त्या रविवारचं सांगते.

मला नोकरी लागली होती. म्हणजे लागत होती. एका छोट्या कंपनीने, जी असल्याच गेम बनवते, मला गावातल्या माणसांचे संवाद लिहायला बोलावलं होतं. गेममध्ये राजे आणि राक्षस लिहायला पुष्कळ लोक तयार असतात. पण कोपऱ्यावरचा कुंभार, पहारेकरी, नळावर भांडणारी बाई, यांनी काय बोलावं हे लिहायला त्यांना माणूस हवा होता. मी नमुन्याला दोन शेजारणींचं भिंतीवरून भांडण लिहून पाठवलं होतं. ते वाचून त्या कंपनीतल्या बाईंनी स्वतः फोन केला आणि म्हणाल्या, "रविवारी पाच वाजता मी विचारीन. हो किंवा नाही. आणखी एक उमेदवार रांगेत आहे."

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोठ्या काकांनी त्यांच्या मित्राच्या फरशीच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला होता. बिलं तपासायची. पक्की नोकरी. सोमवारपासून.

रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत सगळे जमले. मी माझ्या जागेवर, म्हणजे दाराजवळच्या स्टुलावर.

"विषय असा आहे," मोठे काका म्हणाले, "की विषयच नाही. फरशी."

"फरशी," आत्या म्हणाली. "फरशी कुठे जात नाही. खेळ बंद पडतो."

"दादा म्हणतोय तर..." बाबा म्हणाले, आणि चहा आला.

आई ट्रे घेऊन उभी होती. तिचा नंबर होता. "मला..." तिने सुरुवात केली.

तेवढ्यात मोठे काका स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "मुळात त्या असल्या खेळात बघण्यासारखं असतं तरी काय?"

इथे मी तो छोटासा निर्णय घेतला. माझा नंबर नव्हता, त्यामुळे बोलता येत नव्हतं. पण नियम तोंडाचा होता, हातांचा नव्हता. मी उठले, टीव्ही लावला, गेम सुरू केली आणि कंट्रोलर मोठ्या काकांच्या हातात ठेवला. मनात म्हटलं, बघा. दहा मिनिटं बघा, आणि मग बोला.

दहा मिनिटं! एवढा भोळेपणा माझ्यात कुठून येतो, देव जाणे.

"हे काय?" मोठ्या काकांनी कंट्रोलर उलटासुलटा करून त्याचं वजन केलं. "पाव किलोच्या आत."

"ही त्याच कंपनीची गेम आहे," मी म्हटलं.

"नंबर," आत्या म्हणाली.

"असं करू," मोठे काका म्हणाले. मी ओळखलं की त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला आहे. "तपासणी करू. आपण चौघं तपासतो. ते झालं की तुझा नंबर. तू बोल, आम्ही ऐकू."

"नक्की?"

"मी शब्द दिला की दिला."

तेव्हा साडेतीन वाजत होते. मला वाटलं, भरपूर वेळ आहे.

पडद्यावर चार पात्रं उभी होती आणि प्रत्येकाने एकेक निवडायचं होतं. अर्थात वयाच्या क्रमाने. मोठ्या काकांनी सगळ्यात धिप्पाड तो ढालवाला घेतला. आत्याने मांत्रिक घेतला, कारण "हा तेवढा शिकलेला दिसतो." बाबांनी वैद्य घेतला, त्याच्या पिशवीत सगळं नीट लावलेलं होतं म्हणून. आईच्या वाट्याला नेहमीप्रमाणे उरलेलं आलं. चोर.

"घरातली बाई आणि चोर?" मोठे काका म्हणाले. आईशी ते थेट बोलत नाहीत, बाबांमार्फत बोलतात. "हिला सांग, दुसरं काही मिळतं का बघ."

"मला चालेल," आई म्हणाली आणि ट्रे खाली ठेवून पडद्याजवळ गेली. "हिच्या जाकिटाला खिसे किती आहेत बघा. आणि आतून अस्तर आहे. कोणी शिवलंय, चांगलं शिवलंय."

कंट्रोलर एकच होता. ज्याची पाळी, त्याच्या हातात जायचा. मी मनात आखलं की गाव ओलांडायचं, नदीवर पहिली लढाई, की संपली तपासणी. मला स्वतःला याला चहा गार व्हायच्या आतला वेळ लागतो.

पहिल्याच घरात अडलं. आत्याचा मांत्रिक चुकून एका झोपडीत शिरला.

"अगं, हे कुणाचं घर?"

"कुणाचंही. शिरायचं, कपाट उघडायचं, मिळेल ते घ्यायचं," मी म्हटलं.

"न विचारता?"

"सगळे तसंच करतात."

"आणि ती बाई तिथे चुलीपाशी उभी आहे, तिच्यासमोर?" आत्याने माझ्याकडे असं बघितलं जणू मी दवाखान्यातून पेशंटचे दात चोरताना सापडले होते. "बाहेर हो आधी. आणि दार लावून घे." दार लावायचं बटण त्या गेममध्ये नाही. ते शोधण्यात चार वाजायला आले.

मग बाजार. मोठ्या काकांचा ढालवाला एका दुकानासमोर जो थांबला तो हलेना.

"या काट्याचं एक पारडं खाली आहे. रिकामं असताना."

"काका, ते चित्र आहे."

"चित्रात दाखवण्याइतका माजलाय म्हणजे बघ. आणि ही तलवार. वजन बारा, असं लिहिलंय. बारा काय? आणि हा चोर असल्या तीन पाठीला लावून पळतो?"

"मला जड वाटत नाहीये," आई म्हणाली.

आणि मग बाबा. गावाच्या वेशीवर पहारेकऱ्याची चौकी होती आणि तिच्यापुढे पाच-सहा माणसं रांगेत उभी होती. आता गेम खेळणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं की ही माणसं शोभेची. बाजूने जायचं, पहारेकऱ्याशी बोलायचं, पुढे निघायचं. बाबांचा वैद्य रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. बाबा शांतपणे कंट्रोलर मांडीवर ठेवून बसले.

"बाबा, पुढे व्हा."

"रांग आहे."

"ती हलत नाही! ती माणसं शोभेची आहेत!"

"माणसं शोभेची नसतात," बाबा म्हणाले. काउंटरच्या त्या बाजूने रोज इतकी तोंडं बघणारा माणूस, त्याच्याशी वाद कसा घालायचा? "कुणीतरी आत गेलं असेल. कामाला वेळ लागतो. इथून दिसत नाही, पण आत काम चालू असतं."

"बाबा, आत काही नाही. आत खोलीच नाही. ते दार रंगवलेलं आहे!"

"आमच्याबद्दलही लोक असंच म्हणतात," बाबा जरा दुखावून म्हणाले.

त्या रांगेत आम्ही किती वेळ उभे होतो ते मी सांगत नाही, कारण सांगताना माझा आवाज चढतो. शेवटी आईने "इकडे द्या जरा" म्हणून कंट्रोलर घेतला, चोराला रांगेच्या खालून, म्हणजे अक्षरशः माणसांच्या पायांमधून, पुढे काढलं आणि वेस उघडली.

"हिने रांग मोडली," मोठे काका बाबांना म्हणाले.

"मोडली नाही हो," आई म्हणाली. "खालून गेले."

घड्याळात पाचला वीस मिनिटं होती. आणि नदीवर खेकडा होता.

हा खेकडा गेममधला पहिला मोठा शत्रू. टेम्पोएवढा. पण भित्रा आणि सोपा. या गेममध्ये लढाई पाळीपाळीने होते. वर एक पट्टी असते, तिच्यात सगळ्यांचे चेहरे ओळीने दिसतात, ज्याचा चेहरा पहिला त्याची पाळी पहिली. सगळे बसल्या जागी पुढे सरकले. नंबर, क्रम, पाळी. त्यांना एकदाचं घरच्यासारखं वाटलं.

मग मोठ्या काकांनी चष्मा वर केला आणि पट्टी वाचली. चोर. वैद्य. मांत्रिक. खेकडा. ढालवाला.

खोलीत असं वातावरण झालं की पंख्यानेसुद्धा मान दुसरीकडे वळवली.

"मी शेवटी?" मोठे काका म्हणाले.

"यात क्रम चपळाईवर लागतो," मी म्हटलं. "वयावर नाही."

"चोर पहिला?"

"ती सगळ्यात चपळ आहे."

"आणि खेकडा माझ्या आधी?"

"तुमच्याकडे ढाल आहे ना. जड असते."

"हा खेकडा," मोठे काका हळूहळू, एकेक शब्द तोलून म्हणाले, "वयाने माझ्यापेक्षा मोठा आहे का?"

याचं उत्तर मला द्यायचं होतं. फार फार द्यायचं होतं. आत्या म्हणाली, "नंबर," आणि मी स्टुलावर बसले.

मोठ्या काकांनी तोडगा काढला. लढाईत 'थांबा' असंही एक बटण असतं, ते दाबलं की पाळी सोडून देता येते. सगळ्यांनी 'थांबा' दाबायचं. मग मोठे काका सुरुवात करतील आणि पुढे नेहमीसारखं चालेल. "हिला सांग, थांबा दाबायला." बाबांनी सांगितलं. आईने थांबा दाबलं. बाबांनी दाबलं. आत्याने दाबलं. खेकड्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने नांगी उचलली आणि वैद्याला आडवा केला.

आता मोठ्या काकांची पाळी आली. कंट्रोलर त्यांच्या हातात गेला. त्यांनी घसा साफ केला. खेकड्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सगळी बटणं एकदा वाचून काढली. चहाचा घोट घेतला. आणि 'ढाल वर' दाबलं. ढाल वर गेली. पुढच्या फेरीत पुन्हा थांबा, थांबा, आणि खेकड्याने मांत्रिक गारद केला. मोठ्या काकांनी पुन्हा ढाल वर केली. ती आधीच वर होती. असं करत करत शेवटी नदीकाठी एकटी ढाल उरली, आणि मग तीही नाही.

पडद्यावर अक्षरं आली: तुमचा पराभव झाला.

"गेम बिघडलेली आहे," मोठे काका म्हणाले.

"पुन्हा करू," आत्या म्हणाली. तिचे डोळे आता वेगळेच दिसत होते. मी ते डोळे ओळखते. माझेच आहेत ते, परीक्षेच्या आदल्या दिवशी गेम खेळतानाचे. "माझी पाळी आली तेव्हा मी काहीतरी आगीचं बघितलं होतं त्यात."

"क्रमाने," मोठे काका म्हणाले.

"क्रमानेच. पण आग आहे."

दुसऱ्यांदा क्रमाने. थांबा, थांबा, थांबा, नांगी. दुसऱ्यांदा पराभव. आणि माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. हे संपलं की माझा नंबर, असा शब्द होता. आणि या क्रमाने खेळत राहिले तर हे आज संपणार नव्हतं, उद्या संपणार नव्हतं, माझ्या निवृत्तीपर्यंत (फरशीच्या कंपनीतून) संपणार नव्हतं. खेकडा तिथेच उभा राहील, ढाल वर राहील आणि मी स्टुलावर बसून माझ्या नंबरची वाट बघत राहीन. आमचं घर मी इतक्या स्पष्टपणे याआधी कधी बघितलं नव्हतं. त्यासाठी टेम्पोएवढा खेकडा लागला.

पाचला पाच कमी असताना तिसरी लढाई सुरू झाली. पट्टीवर पहिला चेहरा चोराचा. कंट्रोलर आईच्या हातात.

"हिला सांग, थांबा," मोठे काका म्हणाले.

"थांबा म्हणतोय दादा," बाबा म्हणाले.

आई पडद्याकडे बघत होती. "दोनदा थांबले," ती म्हणाली. "दोनदा मेलो."

"अगं पण..."

"त्याच्या पोटाखाली शिवण आहे, बघा. दोन्ही बाजूंची कवचं तिथे जुळवलीत. उसवायचं तर तिथूनच."

आणि आईने वार दाबला. म्हणजे तिची बोटं काय करून गेली ते मला धड दिसलंसुद्धा नाही, आणि मी या गेममध्ये दोन वर्षं काढली आहेत. चोर उडाली, नांगीखालून गेली, पोटाखाली शिरली, आणि खेकड्याचा अर्धा जीव तिथल्या तिथे गेला.

बाबांनी नकळत टाळी वाजवली, मग मोठ्या काकांकडे बघून दुसरी टाळी हवेतच धरून ठेवली.

आणि माझा फोन वाजला.

"उचलू नकोस," मोठे काका म्हणाले. कदाचित त्यांना खेकड्याचा राग माझ्यावर काढणं सोयीचं वाटलं असेल. "आमचं अजून संपलेलं नाही. तुझा नंबर येईल तेव्हा येईल."

"येणार नाही," मी म्हटलं.

"नंबर!" आत्या म्हणाली.

"आत्या, माझा नंबर कधीच येणार नाही. पाचवीत आकृती काढून दाखवली होती." मी स्टुलावरून उठले आणि खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिले. फोन हातात वाजत होता. मी तो सगळ्यांच्या देखत उचलला. "हो," मी म्हटलं. "हो, मॅडम. मी येतेय. नाही, विचारायचं कुणाला नाही. विचार झालाय." आणि फोन बंद केला.

मग मी वळले. आणि जे इतकी वर्षं पंख्याला सांगितलं होतं ते पहिल्यांदा माणसांना सांगितलं.

"मी फरशीच्या कंपनीत जाणार नाही. सोमवारीही नाही, त्यानंतरच्या कुठल्या वारीही नाही. तुम्ही शब्द टाकलात, तो तुमचा शब्द. माझा कुणी विचारलाच नव्हता. तुम्ही म्हणता गेम म्हणजे खोटं, सोंग. आणि आपण इथे काय करतो? तुम्ही रोज ढाल वर करून बसता, आत्या रोज सगळ्यांची तोंडं मिटवते, बाबा न हलणाऱ्या रांगेत उभे राहतात, आणि आई, जिला सगळ्यात आधी दिसतं की उसवायचं कुठून, ती रोज थांबा दाबते! तुम्ही सगळे वर्षानुवर्षं हीच भूमिका करताय. फरक एवढाच की गेममध्ये निदान पात्र बदलता येतं. मी बदललंय. मी आता माझा नंबर यायची वाट बघणार नाही, आणि उद्यापासून त्या स्टुलावरही बसणार नाही. मला जे बोलायचं असेल ते मी सुचेल तेव्हा बोलेन. काही म्हणायचं असेल तर म्हणा."

मी थांबले.

आणि खोली गप्प झाली. अशी शांतता आमच्या घरात मी कधीच ऐकली नव्हती. मोठ्या काकांनी तोंड उघडलं, आईच्या हातातल्या कंट्रोलरकडे बघितलं आणि मिटलं. आत्या 'नंबर' म्हणाली नाही. बाबांचे दोन्ही हात टाळीच्या मधेच अडकले होते. चौघंही टक लावून माझ्याकडे बघत होते, माना जराशा तिरक्या करून, पापणीसुद्धा न हलवता. मी त्या चार चेहऱ्यांवरून नजर फिरवली. जिंकले, मी मनात म्हटलं. पिढ्यांचा नियम, एका रविवारी.

"झालं तुझं?" आई म्हणाली.

"झालं."

"छान बोललीस. आता सरक जरा. खेकडा दिसत नाहीये."

चारही माना तिरक्या का होत्या ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी टीव्हीच्या बरोबर पुढ्यात उभी होते.

मी सरकले. बाबांनी घाईघाईने वैद्याची पाळी उरकली. "हं, दे इकडे, आग," आत्या म्हणाली, आणि कंट्रोलर पुढे गेला, चपळाईच्या क्रमाने. कुणी 'थांबा' म्हटलं नाही. मोठे काका चष्मा सारखा करून गुपचूप आपली पाळी यायची वाट बघत बसले.

मी वर पट्टीकडे बघितलं. चोर, वैद्य, मांत्रिक, खेकडा, ढालवाला. घरच्या रांगेत शेवटचा का होईना, मला एक नंबर होता. इथे खेकड्याला होता, मला नव्हता.